जू गेले, जोडणी उरली : छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची अवजारे

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी सुट्या बैलावर भाळत नाही. त्याच्या घरी एक बैल असतो आणि त्याला जोड हवी असते. उंची जुळते का, चाल सारखी आहे का, उजवीकडे चालतो की डावीकडे, हे बघून तो एखादा देखणा बैलही सोडून देतो. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या दोन जातींच्या मुलखात हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या मुरलेले आहे.

छोटा ट्रॅक्टर घेताना मात्र जोडीचा असा विचार होतोच असे नाही. ट्रॅक्टर शोरूममधून येतो, रोटाव्हेटर अनुदानातून, पाच फणी मोगडा मेव्हण्याच्या मळ्यातून आणि पेरणी यंत्र तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून. चार ठिकाणची ही अवजारे ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन पिनांवर येऊन अडकतात, त्या पिनांकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत आढावा त्या तीन पिनांचा आहे. पाश्चात्त्य देशांत बागेतला ट्रॅक्टर म्हणजे बहुधा हिरवळ कापणारे यंत्र. आपल्याकडे साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर त्या आकाराच्या जवळ जातो, आणि त्याच्याकडून हळदीच्या बेडपासून सोयाबीनच्या कोळपणीपर्यंत सगळ्याची अपेक्षा असते. त्याच्या मागे काय लावावे, कसे लावावे आणि ते कोणी बनवावे, यावर नांदेड-लातूर भागात गेली काही वर्षे जी मते मांडली जातात, ती इथे क्रमाने घेऊ.

पार्श्वभूमी : येठण ते टॉप लिंक

बैलाच्या नांगरात ओढणारा आणि ओढले जाणारे यांचा सांधा म्हणजे येठण, जू आणि हळस यांना बांधणारा दोर. हा सांधा बांधण्यापुरता नव्हता. येठणाची गाठ हळसीवर पुढे-मागे सरकवली की फाळाचा कल बदले आणि नांगर कमी-जास्त खोल जाई. नांगराची खोली जमिनीतल्या फाळापेक्षा वरच्या गाठीत ठरते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणत्याही यंत्राच्या आधी ठाऊक होते.

ट्रॅक्टर आला तेव्हा सुरुवातीला त्याच्या मागे अवजार नुसते साखळीने किंवा दांड्याने ओढले जाई. त्यात धोका होता. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला, की मागची चाके पुढे रेटत राहत आणि ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर पालथा होई. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला. खाली दोन दांडे, वर एक दांडा आणि हायड्रॉलिक लिफ्ट अशी ही रचना १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर रूढ झाली. तीत वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, महत्त्वाचा. नांगर अडला की अवजार पुढे कलू पाहते आणि हा दांडा ट्रॅक्टरला मागून रेटा देऊन त्याचे पुढचे तोंड जमिनीवर दाबून ठेवतो. आटा फिरवून तो आखूड केला की नांगराचे तोंड खाली झुकते. येठणाचे काम आता लोखंड करू लागले, एवढाच फरक.

भारतात ट्रॅक्टरनिर्मिती १९५९ साली आयशरपासून सुरू झाली. पुढच्या दशकांत आलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांना मागे हीच तीन-बिंदू जोडणी होती. पण ते बहुधा मोठ्या रानासाठीचे. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा मात्र १९७०-७१ मधील ४.२८ हेक्टरवरून २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आली. रान आकसले, बैल सांभाळणे महाग झाले, निंदणीला माणूस मिळेना. अर्धापूरकडची केळी आणि हळद, मांजरा खोऱ्यातला ऊस आणि दोन्ही जिल्ह्यांतले सोयाबीन या पिकांच्या ओळींतून जाऊ शकेल असा अरुंद ट्रॅक्टर हवा झाला. महिंद्राचा युवराज, स्वराज ७१७, व्हीएसटी शक्तीचा एमटी १८०डी, कुबोटाचा निओस्टार ही नावे गावोगाव दिसू लागली ती या गरजेतून.

जवळच घडलेला एक जुना प्रयोग

एका वाहनाला सगळी अवजारे, ही कल्पना या काळ्या मातीला नवी नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या भारी जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत विकसित केली आणि तिच्यासाठी बैलांनी ओढायचा चाकांचा अवजारवाहक वापरला. एकाच सांगाड्यावर नांगर, पेरणी यंत्र, कोळपे बसे. वर तक्ता टाकला की तीच गाडी होई. चाकांमधले अंतर दीड मीटर ठेवले होते, म्हणजे चाके कायम सरीतून चालतील आणि वरंबा तुडवला जाणार नाही.

यंत्र म्हणून त्यात फारसे उणे नव्हते, तरी ते शेतकऱ्यांत रुजले नाही. पॉल स्टार्की या अभ्यासकाने १९८८ साली अशा अवजारवाहकांचा जगभरचा आढावा घेतला, तेव्हा हीच गोष्ट देशोदेशी दिसली. यंत्र परिपूर्ण झाले, पण शेतकऱ्याने नाकारले. किंमत जास्त, वजन जास्त, अवजार बदलण्याची खटपट जास्त. आणि वेगवेगळी साधी अवजारे तेच काम कमी पैशात करत होती. रुंद वरंबा सरीची पद्धत मात्र टिकली. आज बीबीएफ या नावाने कृषी विभाग आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प तिचाच प्रसार करत आले आहेत, पण तिचे यंत्र आता ३५ अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरमागे चालते. मिनी ट्रॅक्टरच्या चर्चेत हा इतिहास क्वचित येतो. यायला हवा, कारण पुढे येणारे आजच्या मतांचे तिन्ही पक्ष त्यातल्या एकेका धड्यावर बोट ठेवतात.

मापे कुठे अडतात

मतांकडे जाण्याआधी ज्यावर वाद नाही ते पाहू.

पहिले माप पिनांचे. तीन-बिंदू जोडणीच्या ठरलेल्या श्रेणी आहेत आणि भारतीय मानक आयएस ४४६८ त्याविषयीच आहे. पहिल्या श्रेणीत वरची पिन साधारण १९ मिलिमीटर आणि खालच्या दोन २२ मिलिमीटर जाडीच्या; दुसऱ्या श्रेणीत त्या अनुक्रमे २५ आणि २८. खालच्या दोन टोकांमधले अंतर पहिल्या श्रेणीत ६८३ मिलिमीटर, दुसऱ्या श्रेणीत ८२५, आणि अरुंद ट्रॅक्टरांसाठीच्या पहिल्या श्रेणीच्या उपप्रकारात फक्त ४००. मोठ्या ट्रॅक्टरचा मोगडा मिनीला लावताना वरची पिन ढिली बसते, मग बुश घालतात. बुश नसेल तर तसेच चालवतात, आणि एका हंगामात गोल भोक लंबगोल होते. दांडे आत-बाहेर ताणून बसवले तर अवजार मधोमध राहत नाही, एका बाजूला ओढते.

दुसरे माप पीटीओचे, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शाफ्टचे. प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे. शाफ्टची लांबी प्रत्येक जोडीसाठी वेगळी ठरते. ती जास्त असेल तर लिफ्ट वर-खाली होताना शाफ्ट आत ठोकर खातो, कमी असेल तर निसटतो. बांधावर वळताना रोटाव्हेटर फिरता ठेवून पूर्ण उचलला, की कोन वाढून क्रॉस तुटतो. दुरुस्तीला येणाऱ्या शाफ्टांचे दुखणे पुष्कळदा एवढेच असते.

तिसरे माप वजनाचे. युवराज किंवा ७१७ यांची लिफ्ट पावणेआठशे किलोच्या आसपास उचलते, असे कंपनी सांगते, आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच. पण लिफ्टला झेपले म्हणजे ट्रॅक्टरला झेपले असे नाही. समजा पुढच्या चाकांवर ३०० किलो भार आहे, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर दीड मीटर आहे, आणि मागच्या आसापासून सव्वा मीटरवर २०० किलोचे अवजार टांगले आहे. तराजूच्या साध्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचे १६७ किलो उतरतात आणि १३३ उरतात. सपाटीवर स्टिअरिंग हलके वाटेल एवढेच. बांध चढताना मात्र पुढची चाके जमीन सोडू शकतात. अवजार जितके आखूड आणि धडाला चिकटून, तितका हा भार कमी. म्हणून मोठ्या ट्रॅक्टरचे लांबलचक अवजार फणे काढून हलके केले, तरी ते मिनीचे होत नाही.

चौथे माप ओळींचे. सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर पेरले, तर मागच्या चाकांचे मध्य एकमेकांपासून ९० सेंटीमीटरवर हवेत, म्हणजे दोन ओळी ट्रॅक्टरच्या पोटाखाली येतात. टायर २१ सेंटीमीटर रुंद धरला तर त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम १२ सेंटीमीटर उरतात. चालकाचा हात बोटभर चुकला तर चालते, वीतभर चुकला तर ओळ जाते. पेरणीच्या वेळी अंतर फार सरकले असेल, तर कोळपणीला ट्रॅक्टर आत घालताच येत नाही. कोळपणीचे यश पेरणी यंत्राच्या जोडणीत ठरते, ते असे.

पहिला पक्ष : कंपनीचेच लावा

विक्रेते, काही कृषी अभियंते आणि अनुदानाचे काम पाहणारे अधिकारी यांचा कल साधारण इकडे असतो. त्यांचे म्हणणे असे की, ट्रॅक्टर आणि अवजार यांची जुळणी हा अंदाजाचा विषय नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथली, १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था यंत्रांच्या चाचण्या घेते. चाचणी झालेल्या अवजाराला किती शक्ती लागते, किती खोल जाते, कोणता भाग झिजतो, हे कागदावर असते. त्यामुळे १५ ते १८ अश्वशक्तीला अडीच-तीन फुटी रोटाव्हेटर, २४ ला चार फुटी, असे ठामपणे सांगता येते. वॉरंटी टिकते. गिअरबॉक्स गेला तर दोष कोणाचा, हा वाद उरत नाही.

या पक्षाच्या मर्यादाही उघड आहेत. तयार अवजारे बहुधा देशभरच्या बाजारासाठी बनतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात चिखलाचा गोळा. त्या दोहोंमधल्या चार-सहा दिवसांच्या वाफशात चालणारे अवजार वेगळे लागते. हळदीच्या बेडला माती लावणारे, दोन ओळींचे पेरणारे, ओल्यात न भरणारे फण दुकानात मिळतीलच असे नाही, आणि मिळाले तरी त्यांची किंमत ट्रॅक्टरच्या मानाने जड असते.

दुसरा पक्ष : गावातल्या कारागिराचे

लातूर-नांदेडच्या औद्योगिक वसाहतींतली छोटी वर्कशॉपे आणि तालुक्याच्या रस्त्यावरची वेल्डिंगची दुकाने हा या विषयातला सर्वांत कामसू पण सर्वांत कमी नोंदला गेलेला पक्ष आहे. शेतकरी मोडके अवजार घेऊन येतो, शेतातली अडचण सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत पट्टी, पाइप, चॅनल जोडून उत्तर तयार होते. बैलाच्या तिफणीची हळस कापून तिला तीन पिनांचा सांगाडा लावणे, कोळप्याच्या पासा एका दांड्यावर सरकत्या बसवून ओळीप्रमाणे अंतर बदलणे, मोगड्याचे बाहेरचे फण काढून मध्ये सरी पाडणारा रिजर बसवणे ही कामे नित्याची झाली आहेत. खर्च कमी, दुरुस्ती दारात, आणि मुख्य म्हणजे बनवणारा त्या मातीला ओळखतो.

इथले प्रश्न वेगळे आहेत. बैलाची तिफण बैलाच्या ओढीसाठी बनलेली असते. ट्रॅक्टरचा रेटा तिला सोसत नाही, म्हणून तिच्यावर लोखंड चढत जाते आणि हलके अवजार जड होते. टॉप लिंकची उंची डोळ्याने ठरवली, तर फण एकसारखे जमिनीत जात नाहीत. पुढचे रुततात, मागचे तरंगतात. आणि कारागिराने एकदा साधलेली जुळणी त्याच्या हातात राहते, कागदावर उतरत नाही. शेजारच्या तालुक्यातला दुसरा कारागीर तीच चूक पुन्हा करून तेच शिकतो.

तिसरा पक्ष : मिनी हवाच कशाला?

या पक्षात दोन गट आहेत. पहिला म्हणतो, भारी जमिनीची खोल नांगरट मिनीचे काम नाही. ती मोठ्या ट्रॅक्टरने भाड्याने करावी, बीबीएफवर पेरणी भाड्याने करावी, आणि गटाची अवजार बँक हाच छोट्या शेतकऱ्याचा मार्ग आहे. खोल नांगरट न करता वर्षानुवर्षे नुसता रोटाव्हेटर फिरवला, तर वरची चार बोटे माती भुगा होते आणि खाली कडक थर बसतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याला उत्तर असे मिळते की, वाफसा सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जातो आणि छोट्याचा नंबर येईपर्यंत ओल उडालेली असते. स्वतःचा मिनी पूर्ण ताकदीचा नसेल, पण वेळेवर असतो.

दुसरा गट बैलाचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावरचा अखिल भारतीय समन्वयित संशोधन प्रकल्प चालतो आणि त्यातून बैलचलित सुधारित पेरणी यंत्रे, कोळपी, फवारणी यंत्रे शेतकऱ्यांपुढे ठेवली गेली आहेत. दोन-तीन एकरवाल्याला कर्जाचा हप्ता न लावणारे हेच खरे यांत्रिकीकरण, असे त्यांचे म्हणणे. पण बैलही आता स्वस्त राहिलेला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात अहमदपूर तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःच्या खांद्यावर औत घेतल्याचे चित्रण राज्याने पाहिले. ना बैल, ना ट्रॅक्टर, अशी एक पायरी या वादाच्या खाली आहे, याची ती आठवण होती.

योजनांची भूमिका

मिनी ट्रॅक्टरच्या प्रसारात सामाजिक न्याय विभागाच्या योजनेचा वाटा मोठा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची ही योजना २०१२ साली आली. मूळ मर्यादा साडेतीन लाख रुपयांची. त्यातले ३ लाख १५ हजार सरकारचे, ३५ हजार गटाचे. उपसाधने म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. कृषी विभागाकडे २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाखाली ट्रॅक्टर आणि अवजारांना वेगळे अनुदान असते आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर व शेती यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने किंमत थोडी उतरली.

समर्थक म्हणतात की, ज्यांच्या दारी कधी बैलजोडीही नव्हती, त्या घटकांच्या गटांकडे योजनेमुळे यंत्र आले. टीकाकार उपसाधनांच्या यादीकडे बोट दाखवतात. त्या यादीत मशागत आहे, वाहतूक आहे. पेरणी नाही, कोळपणी नाही. सोयाबीनच्या मुलखात मिनीचा सर्वांत मोठा उपयोग ज्या दोन कामांत होऊ शकतो, तीच गटाच्या स्वतःच्या खर्चावर राहतात आणि बहुधा वेल्डिंगच्या दुकानात पोहोचतात. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

सुरक्षिततेचा मुद्दा

इथे पक्ष वेगळे असले तरी भाषा एक आहे. टोचन मागच्या आसाच्या खाली असावे. ट्रॉली किंवा अडकलेली गाडी टॉप लिंकच्या भोकाला बांधून ओढू नये, कारण ओढ आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे पालथा होतो. फर्ग्युसनच्या आधीचा धोका असा परत येतो. फिरत्या शाफ्टवर आवरण हवे. अपघाताला पदर, रुमाल, धोतराचा सोगा एवढे पुरे होते. चाड्यात हाताने बी सोडण्यासाठी पेरणी यंत्रावर माणूस उभा करण्याची पद्धत अजून आहे, आणि त्या माणसाचे वजन कोणी हिशेबात धरत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या महिला मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून ७ जणींचा जीव गेला. शेतातला ट्रॅक्टर शेताबाहेर माणसे वाहतो, हे वास्तव कोणत्याही माहितीपत्रकात नसले तरी मागच्या जोडणीचा विचार त्याला सोडून करता येणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करते. पिन काढली की सुटणारे अवजार ही एक गोष्ट, आणि ट्रॅक्टरच्या धडाला छिद्र पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेला कायमचा सांगाडा ही दुसरी. दुकानात ही रेषा नेहमी पाळली जाते असे नाही.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न, मिनीला झेपेल असे बीबीएफचे काम होऊ शकते का. दीड मीटरच्या वरंब्याला चाकांचे अंतरही तेवढेच लागते, आणि मिनी त्याहून अरुंद. वरंबा लहान केला तर पाण्याचा निचरा आणि ओल यांचा फायदा किती उरतो, यावर एकमत नाही.

दुसरा, मातीच्या दाबाचा. हलका ट्रॅक्टर माती कमी दाबतो, हे खरे; पण अरुंद असल्याने एकाच रानात त्याच्या फेऱ्या जास्त होतात. कोणता परिणाम भारी ठरतो, हे जमिनीच्या ओलीवर आणि चालवणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून राहते.

तिसरा, कारागिराच्या कामाला प्रमाण कसे द्यायचे. सगळे चाचणीला पाठवा म्हटले, तर दुकान बंद होईल. काहीच नको म्हटले, तर प्रत्येक शेतकरी स्वतःच्या पैशांनी चाचणी घेत राहील. श्रेणी, वजन, टॉप लिंकची उंची आणि लागणारी अश्वशक्ती अशा चार आकड्यांची पट्टी अवजारावर ठोकणे, हा मधला मार्ग सुचवण्यासारखा आहे.

चौथा प्रश्न इक्रिसॅटच्या अवजारवाहकाचा आहे, नव्या रूपात. एका छोट्या ट्रॅक्टरमागे सहा अवजारे, हे गणित दोन एकरवाल्याला परवडते, की अवजारे गावाची आणि ट्रॅक्टर घराचा, अशी वाटणी जास्त टिकेल? तसे झाले, तर गावातल्या सगळ्या मिनींच्या पिना एका मापाच्या असाव्या लागतील. आज त्या तशा नाहीत.

बैलबाजारात सौदा ठरण्याआधी घेणारा म्हणतो, ‘जुंपून दाखवा.’ जोडी जुवाखाली घालून चार पावले चालवली जाते, आणि मग पैसे मोजले जातात. ट्रॅक्टर एका दुकानात, अवजार दुसऱ्या दुकानात आणि अनुदानाची पूर्वसंमती तिसरीकडे मिळते. ही तिन्ही एकत्र जुंपून, वाफशावर आलेल्या काळ्या रानात चार तास फिरवून बघता येतील, अशी जागा या दोन जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला खरेदीच्या वाटेवर लागत नाही.